जोडचित्रांची पाणसळ : रिकल्टनचा हिंदुस्थान आणि आपली ‘सरळ’ करण्याची खोड

जुने छायाचित्र हाती आले, की आपल्यासारख्या मंडळांत त्याच्यावर काही संस्कार न चुकता होतात. स्कॅन करायचे, डाग पुसायचे, काळे-पांढरे जरा उठावदार करायचे आणि कललेले वाटले तर सरळ करायचे. शेवटचा संस्कार इतका निरुपद्रवी समजला जातो, की तो केल्याची नोंदसुद्धा कोणी ठेवत नाही. एकेरी फोटोला त्याने फारसे बिघडतही नाही. पण स्टिरिओ कार्डाला, म्हणजे एकाच दृश्याच्या शेजारी शेजारी लावलेल्या दोन चित्रांच्या जोडीला, त्याने बिघडते. कधी डोळ्यांना त्रास होतो, कधी पुरावाच पुसला जातो. या लेखात मला त्याविषयी बोलायचे आहे. माझ्यासमोर मुख्यतः एक जुने काम आहे : जेम्स रिकल्टन याचे १९०७ साली आलेले ‘इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप’. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीची १०० कार्डे आणि त्यांच्यासोबत वाचायचे पुस्तक, असा तो संच.

ज्यांनी स्टिरिओस्कोप हाताळलेला नाही त्यांनी लहानपणचा व्ह्यूमास्टर आठवावा. कळ दाबली की चकती फिरायची आणि आत डोंगर, राजवाडे खोलीसकट दिसायचे. तत्त्व तेच. चार्ल्स व्हीटस्टनने ते १८३८ साली मांडले, ब्रूस्टरने १८४९मध्ये भिंगांची सुटसुटीत पेटी सुचवली, १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर तिचे वेड पसरले आणि १८६१मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स या अमेरिकन डॉक्टर-लेखकाने हातात धरायचा स्वस्त सांगाडा बनवला. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर अजून सापडतो तो याच घाटाचा : लाकडी दांडा, डोळ्यांभोवती टोप, पुढेमागे सरकणारी कार्डाची पट्टी. कार्ड साधारण साडेतीन इंच उंच आणि सात इंच रुंद, किंचित बाक दिलेले.

रिकल्टन हा न्यू जर्सीतला शाळामास्तर. १८८८ साली एडिसनने त्याला विजेच्या दिव्याच्या तंतूसाठी चांगला बांबू शोधायला पूर्वेकडे धाडले होते, यावरून माणसाचा पिंड कळावा. पुढे मास्तरकी सोडून तो जगभर कॅमेरा घेऊन हिंडला. १९०० साली बॉक्सर बंडाच्या धामधुमीत तो चीनमध्ये होता. त्याच्या हिंदुस्थानच्या पुस्तकाची रचना आजही पाहण्यासारखी आहे. तो वाचकाला चित्र दाखवत नाही, जागेवर उभा करतो. प्रत्येक कार्ड म्हणजे एक ‘पोझिशन’. सोबतच्या नकाशावर एक बिंदू आणि त्यातून निघणाऱ्या दोन रेघा असतात. तुम्ही बिंदूवर उभे आहात आणि तुमची नजर या दोन रेघांच्या मध्ये आहे. मग मजकूर सांगतो, डावीकडे हे, समोर ते. गूगलच्या रस्त्यावरच्या चित्रांना शंभर वर्षे बाकी असताना केलेला हा उद्योग आहे. मजकुरातला वरचढपणा, ‘नेटिवां’विषयीचे शेरे, हे सगळे त्यात आहेच. त्यावर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे.

माझी तक्रार टीका करणाऱ्यांबद्दलही थोडी आहे. वसाहतीच्या नजरेविषयी जे लिहितात ते बहुतेकदा कार्डाचा अर्धा भाग पाहून लिहितात. पुस्तकात छापताना जोडीतले एकच चित्र घेतलेले असते, कडा कापून, सरळ करून. त्या अर्ध्यावरून छायाचित्रकाराची ‘नजर’ ओळखायची म्हणजे पेटीचा एकच भाता ऐकून गाण्यावर मत देण्यासारखे आहे. जोडचित्रात पुढचा माणूस मागच्या भिंतीपासून सुटून उभा राहतो. गर्दी अंगावर येते की दूर राहते, हे तिथेच कळते. अर्ध्या चित्रात निरर्थक वाटणारी पुढची फांदी किंवा कठडा जोडीत खोलीचे माप देतो. अंडरवुडच्या छायाचित्रकारांना असे काहीतरी जवळचे पुढे हवेच असे. आणि नेमके जवळचे काही पुढे असले, की कॅमेऱ्याची पाणसळ हा प्रश्न सुरू होतो.

कॅमेरा तीन तऱ्हांनी वळतो, माणसाच्या मानेसारखा. ‘नाही’ म्हणताना वळते तसा डावीउजवीकडे, ‘हो’ म्हणताना वळते तसा वर-खाली, आणि गाण्याला दाद देताना कलते तसा खांद्याकडे. पहिली दिशा रिकल्टन नकाशात देतो. दुसरीबद्दल पुढे बोलू. गोंधळ सगळा तिसरीचा, कलण्याचा आहे.

घरच्या घरी करून बघा. खिडकीसमोर बसा, एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि डोळे आळीपाळीने मिटा. खिडकीच्या चौकटीसमोर बोट डावीकडून उजवीकडे उडी मारते, अगदी आडवी. आता मान खांद्याकडे कलती करून तेच करा. बोट अजूनही उडी मारते, पण चौकटीच्या मानाने तिरकी. उडी नेहमी तुमच्या दोन डोळ्यांना जोडणाऱ्या रेषेला समांतर असते. डोळे कलले, उडी कलली. डोळ्यांना त्याचा काही त्रास होत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती आडवीच आहे.

दोन भिंगांच्या स्टिरिओ कॅमेऱ्याचे हेच. तो सबंध कलला तर दोन्ही चित्रे सारखी कलतात, भिंगांना जोडणारी रेषाही तेवढीच कलते. असे कार्ड स्टिरिओस्कोपमध्ये घातले तर जग वाकडे दिसते, पण दोन चित्रे विनासायास एक होतात. मान तेवढीच कलती केली तर जगही सरळ होते. आता कोणी सद्‍हेतूने दोन्ही चित्रे आपापल्या मध्याभोवती फिरवून क्षितिज आडवे केले, तर क्षितिज सरळ झाले, पण बोटाची उडी तिरकीच राहिली. ती नकारात्मक काचेत कायमची लिहिली गेली आहे. पाहणाऱ्याचे डोळे आता सरळ, उडी तिरकी. म्हणजे जवळची वस्तू एका डोळ्याला किंचित वर आणि दुसऱ्याला किंचित खाली दिसणार. आपले डोळे आत-बाहेर वळायला आयुष्यभर सरावलेले असतात. एक वर आणि एक खाली जायला मुळीच नाहीत. चित्र वर-खाली सरकवूनही हे निस्तरत नाही. जवळच्यासाठी जुळवले की लांबचे बिघडते, लांबच्यासाठी जुळवले की जवळचे.

एकेरी फोटोत पाणसळ चुकली तर ती नंतर काढता येते. जोडचित्रात ती घेतानाच साधावी लागते. मात्र नेहमी नाही. केव्हा, ते आकड्यांवरून कळते आणि आकडे सोपे आहेत. भिंगांमधले अंतर भागिले वस्तूचे अंतर, एवढा आडवा फरक. त्याला कलाच्या कोनाच्या ज्येने गुणले की उभा फरक मिळाला. भिंगांमध्ये ६५ मिलिमीटर आणि सर्वांत जवळचा माणूस ३ मीटरवर असेल तर आडवा फरक सव्वा अंश. कॅमेरा ३ अंश कलला असेल आणि नंतर ‘सरळ’ केला, तर उभा फरक चार मिनिटांच्या आसपास, म्हणजे अंशाचा पंधरावा भाग. तो सहज खपून जातो. तोच माणूस दीड मीटरवर आणि कल ६ अंश असेल तर पंधरा मिनिटे, पाव अंश. माझ्या अनुभवात अंशाचा सहावा भाग ओलांडला की बरेच लोक चष्मा काढून डोळे चोळू लागतात. उलट, दृश्यात ३० मीटरच्या अलीकडे काहीच नसेल तर साध्या कॅमेऱ्याचे चित्र कितीही अंशांनी फिरवा, डोळ्यांना पत्ता लागत नाही. लांबचा किल्ला, दरीपलीकडचा डोंगर यांच्यासाठी पाणसळीची चिंता फक्त क्षितिजाच्या शोभेपुरती. पुढे बाल्कनीचा कठडा आला, झाडाची फांदी आली, गर्दीतला माणूस खांद्याशी उभा राहिला, की ती खरी.

हे सगळे मला आधी माहीत होते का? सूत्र माहीत होते. पण इंदूरच्या एका जुन्या घरातून मिळालेल्या काचांनी शिकवले तेवढे सूत्राने शिकवले नव्हते. त्या काचा व्हेरास्कोपच्या. पॅरिसच्या ज्यूल रिशारने १८९३ साली काढलेला हा छोटा धातूचा कॅमेरा हौशी श्रीमंतांचा लाडका होता. ४५ बाय १०७ मिलिमीटरच्या काचेवर दोन चित्रे. त्यातली एक काच महेश्वरच्या घाटाची. उजव्या कोपऱ्यात, दीडेक मीटरवर, नावेचे टोक, तिथून पायऱ्या नर्मदेच्या काठाने लांब पळत जातात, मागे किल्ला. पायऱ्यांची रेघ चार अंश उतरती दिसत होती. मी दोन्ही चित्रे चार अंश फिरवली, पायऱ्या छान आडव्या झाल्या आणि लाल-निळ्या चष्म्यांसह ती मंडळाच्या बैठकीत पडद्यावर दाखवली. नाव दोन ठिकाणी दिसते आहे, अशी पहिली तक्रार पुढच्या रांगेतून आली. मी प्रोजेक्टरला दोष दिला. मग चष्म्यांना दिला. दुसऱ्या दिवशी घरी हिशेब केला : दीड मीटर, चार अंश, उभा फरक दहा मिनिटे. बरोबर अंशाचा सहावा भाग. आणि पुढच्या रांगेला चित्र मूळ कोनापेक्षा मोठे दिसते, म्हणून तिथे त्याहूनही जास्त.

चूक फिरवण्यात होतीच, पण तिच्या आधी एक चूक होती. मुळात कॅमेरा कललेलाच नव्हता. पायऱ्यांची रेघ आडवी असते ती जागेवर. चित्रात ती आपल्यापासून तिरकी लांब जात असेल तर पाणसळीत धरलेल्या कॅमेऱ्यातही उतरती दिसणारच. रूळ लांब जाताना जवळ येतात ना, तेच. तलावाचा पलीकडचा काठ, घाटाची पायरी, वाड्याच्या जोत्याची रेघ, यांच्यावरून फोटो सरळ करणारे (मी धरून) सगळे ही गफलत करतात. क्षितिजाचा भरवसा समुद्रावर धरावा. बुरुजाच्या कडेवरही धरू नये, कारण बुरुजाला ढाळ असतो. मंदिराच्या शिखरावर नको, नावेच्या डोलकाठीवर तर नकोच.

मग कशावर? संथ पाण्यातल्या प्रतिबिंबावर. कळसाचे टोक आणि पाण्यातले त्याचे टोक यांना जोडणारी रेषा हा निसर्गाने सोडलेला ओळंबा आहे. पाणी सपाट आहे तोवर तो खोटे बोलत नाही. चित्राच्या मध्याजवळ अशी एखादी जोडी मिळाली की कॅमेऱ्याचा कल थेट मोजता येतो. कडेला मोजू नये, कारण कॅमेरा वर किंवा खाली वळलेला असेल तर उभ्या रेषा कडेला आपोआप झुकतात. महेश्वरच्या काचेत मध्यापासून थोडे डावीकडे एक छत्री आणि तिचे प्रतिबिंब होते. मोजले. कल अर्ध्या अंशाहूनही कमी. ज्या अनाम गृहस्थाने ती काच घेतली त्याने पाणसळ सांभाळली होती. बिघडवली मी.

त्यानंतर मला या उभ्या फरकाचे वेडच लागले, कारण लक्षात आले की तो नुसता उपद्रव नाही, साक्षीदार आहे. स्टिरिओ कार्ड कॅमेऱ्यातून थेट बाहेर पडत नाही. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात निगेटिव्हवर डावे-उजवे उलट बसते, म्हणून छापील जोडी कापून अदलाबदल करून पुठ्ठ्यावर चिकटवावी लागते. हे काम कारखान्यात, कात्री आणि खळ घेऊन बसलेली माणसे करत. म्हणजे कार्डात दिसणारा वाकडेपणा छायाचित्रकाराचा असेल, कापणाऱ्याचा असेल किंवा शंभर वर्षांनी संगणकावर बसलेल्या आपल्यासारख्याचा असेल. तिघांचे ठसे वेगळे असतात. कॅमेरा कलला आणि नंतर कोणी काही केले नाही, तर क्षितिज वाकडे पण उभा फरक कुठेच नाही. कापताना एकच चित्र फिरले असेल तर उभा फरक डाव्या कडेला एका दिशेने आणि उजव्या कडेला उलट दिशेने असतो, मग वस्तू जवळची असो की लांबची. चिकटवताना एक चित्र नुसते वर सरकले असेल तर फरक सगळीकडे सारखा. आणि क्षितिज अगदी आडवे पण फरक फक्त जवळच्या वस्तूंत असेल, तर समजावे की कॅमेरा कलला होता आणि कोणीतरी दोन्ही चित्रे सरळ केली. सर्वांत नेटके दिसणारे कार्डच अशा वेळी सर्वांत जास्त हाताळलेले निघते.

यातला दुसरा ठसा डोळ्यांना सर्वांत जड. चित्राचा मध्य ते कड ३५ मिलिमीटर धरा; एकच चित्र एका अंशाने फिरले तर कडेला ०.६ मिलिमीटर उभा फरक पडतो. होम्सच्या स्टिरिओस्कोपमधून तो सहज दहा मिनिटांचा होतो. म्हणजे दोन चित्रांमधला एका अंशाचा बेबनाव हा दोघांच्या मिळून कित्येक अंशांच्या कलण्याएवढा त्रास देतो. घर सबंध कलले तर माणसे त्यात राहतात. एक खांब खचला तर राहवत नाही, हे बांधकामातल्या माणसाला सांगायला नको.

आता रिकल्टनकडे परत. १९०३च्या दिल्ली दरबारातल्या हत्तींच्या मिरवणुकीची त्याची कार्डे घ्या. चालता हत्ती, हलती गर्दी. इथे एकच कॅमेरा बाजूला सरकवून दुसरे चित्र घेणे शक्यच नाही, दोन्ही भिंगे एका क्षणी उघडायला हवीत. म्हणून दोन चित्रांमध्ये बेबनाव दिसलाच तर तो त्याचा नाही, कापणाऱ्याचा. सबंध दृश्य कललेले असेल तर ते त्याचे. पण गर्दीत, उंचवट्यावर, हत्ती पुढे सरकण्याआधी ट्रायपॉड लावणाऱ्या माणसाला तेवढी सूट द्यायला हवी. शिवाय त्याने कलते घेतलेले कलतेच ठेवले तर पाहणाऱ्याला फक्त मान वळवायची आहे. आजच्या एखाद्या पुस्तकाने ते सरळ करून, अर्धे कापून छापले तर परतीची वाटच राहत नाही. मिरवणुकीच्या अशा चित्रात सरळ करायला आधार तरी काय असतो? अंबारी हत्तीबरोबर झुलते, भाले हातात कसेही असतात. सरळ करणारा आपल्या मनातले क्षितिज त्यात घालतो.

जिथे मला रिकल्टनची पद्धत अपुरी वाटते ती जागा दुसरी आहे, ‘हो’ म्हणणाऱ्या मानेची. नकाशावरच्या दोन रेघा कागदाच्या पातळीत राहतात. कॅमेरा वर पाहत होता की खाली, हे त्यांत मावत नाही. पाणसळीच्या हिशेबात याने जोडी बिघडत नाही. दोन्ही भिंगे सारखीच वर वळतात, उभा फरक येत नाही. पण ‘तुम्ही तिथे उभे आहात’ हा दावा मात्र ढासळतो. कॅमेरा वर वळवून घेतलेला मनोरा सरळ समोर धरलेल्या स्टिरिओस्कोपमध्ये मागे रेललेला दिसतो. एकेरी फोटोत वर निमुळता होणारा मनोरा आपण चालवून घेतो, खोलीसकट पाहताना तो खरोखर पडतोसा वाटतो. उपाय सोपा : स्टिरिओस्कोप तेवढाच वर उचलून, आकाशाकडे पाहत बघा. मनोरा उभा राहतो. तळमजल्याच्या ओसरीत पलंगावर रेलून कार्डे पाहणाऱ्यांना हा शोध नकळत लागला असणार. उंचावरून खाली पाहत घेतलेल्या दृश्यांसाठी याच्या उलट, कार्ड मांडीकडे धरायचे. आपण संगणकावर उभ्या रेषा समांतर करून टाकतो आणि हा कोन पुसतो. पडलेल्या इमारतीची उंची जुन्या चित्रावरून काढायची झाली तर त्या कोनावाचून पुढे जाता येत नाही. उंचीच्या हिशेबासाठी निमुळतेपणा ही चित्रातली मोठी कामाची गोष्ट आहे आणि तीच आपण दोष समजून काढतो.

रिकल्टनच्या आधी अर्धे शतक गोष्ट वेगळी होती. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण तंजावरचे. मद्रास सरकारचा छायाचित्रकार लिनियस ट्राइप याने १८५८ साली तंजावर, त्रिचनापल्ली, मदुरेची मोठी छायाचित्रे घेतली आणि त्यांसोबत स्टिरिओ जोड्यांचे संचही काढले. शेवटचा भोसले राजा दुसरा शिवाजी जाऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्या काळात एकच कॅमेरा पट्टीवर सरकवून आधी डावे, मग उजवे चित्र घेण्याची पद्धत सर्रास होती. लॅटिमर क्लार्कची त्यासाठीची जोडणी १८५३ची. दगडी मंदिर जागचे हलत नाही, म्हणून ती चालतेही. पण अशा पद्धतीत पाणसळ दोनदा साधावी लागते, आणि दोन्ही वेळा सारखी. वर सांगितलेला एका अंशाचा बेबनाव इथे कापणाऱ्याकडून नव्हे, ट्रायपॉडच्या एका मऊ मातीत रुतलेल्या पायामुळेही येऊ शकतो. म्हणून १८५०च्या दशकातल्या जोड्या तपासताना ठसा वाचून लगेच कारखान्याकडे बोट दाखवू नये. ट्राइपची पाणसळ काय दर्जाची होती हे पाहायचे तर त्याने बृहदीश्वराच्या विमानाच्या जोत्यावरचा लेख २१ चित्रे एकापुढे एक जोडून सलग पट्टीसारखा उतरवला आहे, तो पाहावा. (हा चोळांचा लेख. सरफोजी राजांनी १८०३मध्ये कोरवलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख त्याच देवळात आहे, पण तो हा नव्हे.) प्रत्येक वेळी कॅमेरा भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच उंचीवर आणि पाणसळीत. एके ठिकाणी एक अंश चुकला तरी ओळी जुळल्या नसत्या. लष्करात वाढलेला माणूस, पण काम पट्टीच्या गवंड्याचे.

पुढे कॅमेरे बनवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले. जर्मन रोलायडोस्कोपमध्ये आणि १९५४च्या कोडॅक स्टिरिओमध्ये पाहण्याच्या खिडकीतच पाण्याचा बुडबुडा दिसतो. साध्या कॅमेऱ्यांत तेव्हा अशी सोय क्वचित. कारण उघड आहे : साधा फोटो वाढवून छापताना फिरवता येतो, जोडीतली फिल्मची चकती चौकटीत बसली की फिरवण्याची सोयही नाही आणि फिरवून उपयोगही नाही.

आपल्यापैकी काही जण हल्ली मोबाइलने जोडचित्रे घेतात : वजन डाव्या पायावर, एक फोटो, उजव्यावर, दुसरा. मजेदार उद्योग आहे, जरूर करा. यात कलण्यापेक्षा दोन फोटोंमधल्या बेबनावाची भीती जास्त, कारण वजन बदलताना मनगट वळतेच. तो बेबनाव काढायला स्टिरिओफोटो मेकर हा जपानी मासुजी सुतो यांचा मोफत प्रोग्राम उत्तम. तो दोन चित्रांना एकमेकांशी जुळवतो, तुमच्या मनातल्या क्षितिजाशी नव्हे. किल्ल्यासारख्या लांबच्या दृश्यासाठी पाच-दहा पावले चालून दुसरा फोटो घेणाऱ्यांनी मात्र वाटेच्या चढउताराकडे लक्ष द्यावे. दुसरी जागा फूटभर उंच असेल तर १५० मीटरवरच्या तटासाठी उभा फरक सात मिनिटे, चालून जातो. पण मधे ४० मीटरवर चिंचेचे झाड आले तर तोच फरक सव्वीस मिनिटांवर, म्हणजे अर्ध्या अंशाच्या जवळ जातो आणि ते झाड चित्रात कधीच शांत उभे राहत नाही.

जुन्या कार्डांपुरते माझे म्हणणे एवढेच : स्कॅन करताना पुठ्ठ्यासकट, चारही कडा दिसतील असे पूर्ण कार्ड घ्यावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातली पुष्कळ कार्डे अशीच आहेत, म्हणूनच त्यांवर घरबसल्या मोजमाप करता येते. पुठ्ठ्याची कड असेल तर चित्र कापताना किती फिरले ते कळते; कड गेली की ठसे गेले. हलती चित्रे करणाऱ्यांवर, म्हणजे डावे-उजवे आळीपाळीने दाखवणाऱ्यांवर, माझा राग नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१२मध्ये त्यासाठी साधनच खुले केले. खोली त्यात नीट कळत नाही, पण जवळची वस्तू आडवी उडी मारते की तिरकी, हे त्यात जितके चटकन दिसते तितके दुसऱ्या कशातच नाही. तपासणीसाठी मी तेच वापरतो.

महेश्वरची काच आता आपल्या संग्रहात मूळ स्थितीत, काचेच्या चारही कडांसह ठेवली आहे. फिरवलेली प्रतही शेजारी आहे, वर ‘चुकीची’ असे लिहून. ठेवल्यापासून दोघांनी कळवले, की मूळ काचेत घाट वाकडा आला आहे, तेवढा सरळ करून घ्या.